आत्या आणि आठ दिवसांचं आयोडीन

सरकारने मला पापलेट जाळायला नोकरीवर ठेवलं होतं. थट्टा नाही, कामाचं खरं वर्णन तेच होतं. साठचं दशक अर्ध्यापुढे सरकलं होतं, तारापूरच्या किनाऱ्यावर अणूपासून वीज करायच्या केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं, आणि त्या धुरळ्यापासून जरा लांब एका बैठ्या, कौलारू इमारतीत आमची प्रयोगशाळा होती. मी चिंचणीची, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, तेवीस वर्षांची आणि प्रयोगशाळेतली एकुलती एक मुलगी. आठवड्यातून तीनदा किनाऱ्यावर जाऊन पापलेट, बोंबील, मांदेली घ्यायची, साफ करायची, वाळवायची आणि भट्टीत घालून पांढरी राख होईपर्यंत जाळायची. मग ती राख बशीत घालून यंत्राखाली ठेवायची आणि तिच्यातून किती किरण निघतात ते मोजायचं. देशभर लोक रेशनच्या दुकानापुढे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीसाठी, मिलोसाठी, रांगा लावत होते आणि मी सरकारी भट्टीत ताजी मासळी खाक करत होते.

जिच्याकडून मी मासे घ्यायचे त्या कोळणीने पहिला महिना काही विचारलं नाही. मग एक दिवस तिला राहवलं नाही. "बाय, तुला रांधता येत नाय तर मी शिकवते. जाळतेस कशाला?"

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. ती ऐकत होती, पण तिचे डोळे माझ्या आईबापांची कीव करत होते.

खरं तर कारण साधं होतं, आणि आमच्या साहेबांनी ते मला चांगलं समजावलं होतं. साहेब मुंबईचे, चाळिशीचे, डोक्यावर केस कमी आणि खिशाला पेनं जास्त. ते म्हणाले, "उद्या केंद्र सुरू झालं की गावचे लोक म्हणतील, तुमच्यामुळे आमची मासळी बिघडली. आणि आपले लोक म्हणतील, काहीसुद्धा झालेलं नाही. दोघांनाही थापा मारता येऊ नयेत म्हणून आजचा आकडा पाहिजे. केंद्र सुरू व्हायच्या आधीचा."

हे मला पटलं होतं. सरकारी नोकरीत पटण्यासारखं इतकं थोडं असतं, की मी ते जपून ठेवलं.

साहेबांनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, समस्थानिक म्हणजे काय? मी परीक्षेतलं उत्तर घडाघडा म्हटलं. अणुक्रमांक सारखा, वस्तुमान वेगळं.

"पाठ आहे," साहेब म्हणाले, "समजलेलं नाही." हे ते इतक्या आनंदाने म्हणाले, की प्रत्येक नव्या माणसाला ते हाच प्रश्न विचारत असणार.

मग त्यांनी सांगितलं ते असं. मूलद्रव्यांच्या तक्त्यात प्रत्येकाची जागा ठरलेली. आयोडीनची एक जागा, कोबाल्टची एक. आयोडीनच्या जागेवर बसणारे सगळे अणू आयोडीनसारखेच वागतात, त्याच पदार्थांशी संयोग पावतात, शरीरात गेले तर त्याच ठिकाणी जाऊन बसतात. पण कुणाच्या पोटात दोनचार कण जास्त असतात, कुणाच्या कमी. जागा एक म्हणून समस्थानिक. त्यातले बरेच शांत असतात. काहींना मात्र स्वतःचं पोट सांभाळत नाही. ते किरण बाहेर फेकतात आणि दुसरंच काहीतरी होऊन बसतात. आणि फेकताना आपण कुठे आहोत ते सांगून टाकतात.

"ही त्यांची चहाडीच आपल्या कामाची," साहेब म्हणाले.

चहाडखोर अणूंचे उपयोग साहेब जेवतानाही सांगायचे. बांधकामावर जाड नळ्यांचे सांधे जोडले की दुपारच्या सुट्टीत लाल निशाण लावून सगळ्यांना पिटाळायचे. मग शिशाच्या भांड्यातून इरिडियमचा एक दाणा काढायचा, नळीच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला फोटोची फिल्म. सांध्यात भेग असेल तर फिल्मवर उमटणार. मुंबई बंदरात काढलेला गाळ समुद्रात टाकला तर तो फिरून बंदरातच येतो का, हे बघायला गाळात असाच एक अणू मिसळून त्याच्या मागे होडीतून फिरायचं. खतात मिसळला तर खत भाताच्या पानात किती गेलं आणि मातीत किती राहिलं ते कळतं. कोबाल्टचे किरण कॅन्सरच्या गाठीवर सोडतात. माझ्या बाबांनी एकदा विचारून पाठवलं, की यंत्राने शिरगावच्या किल्ल्याचं वय कळेल का? साहेबांनी उलट निरोप दिला, दगडाचं नाही, पण त्या काळचं लाकूड किंवा कोळसा सापडला तर त्यातल्या कार्बनवरून अंदाज येईल. बाबा म्हणाले, "म्हणजे नाय कळणार. नाय म्हणायला एवढं शिकावं लागतं होय?"

हे सगळं मला एखाद्या परक्या गावच्या जत्रेसारखं वाटायचं. ऐकायला छान, आपला काही संबंध नाही. तो संबंध आत्याने जोडला.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला तेव्हापासून ती आमच्याकडेच. नारळी-पोफळीची वाडी, गडी, विहीर, लोणची, भांडणं, सगळ्यावर तिचीच सत्ता. पन्नाशीला आली आणि तिचा वेग अचानक वाढला. चार बायकांचं काम ती दुपारच्या आत उरकायची. बोलायची इतकं भरभर, की समोरच्याला भांडायलाही सवड मिळायची नाही. आम्ही सगळे खूश. घरात फुकट इंजिन आल्यासारखं झालं होतं. पुढे ती वाळायला लागली. खायची गड्यासारखी आणि दिसायची काडीसारखी. डोळे बाहेर आल्यासारखे दिसू लागले, मानेला सूज आली, हातातली कपबशी वाजायला लागली. शेजारच्या बायका म्हणाल्या, बाहेरचं आहे, दाखवून घ्या. आत्या दाखवायला गेलीसुद्धा. तिथल्या माणसाने डोळे मिटून, झुलून, शेवटी कोंबडं मागितलं.

"भुताला पायजे की तुला?" आत्याने विचारलं, आणि ती उठून घरी आली.

मग बाबा तिला पालघरला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी तिला हात पुढे करायला लावले आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद पानासारखा थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जास्त काम करते आहे, हृदयावर ताण येतोय, मुंबईला जा. मुंबईच्या इस्पितळात दोन पर्याय सांगितले. गळा कापून ग्रंथी कमी करायची, किंवा एक पेलाभर औषध प्यायचं. औषध कसलं? आयोडीन. चहाडखोर जातीतलं.

घरी आल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू ते औषध मीच भट्टीत शिजवलं होतं.

मी आत्याला माजघरात बसवून समजावलं. शरीरातली गळ्याची ग्रंथी आयोडीनची हावरी असते. आयोडीन दिसलं की ओढून घेते. ते शांत आहे की तापट, हे तिला ओळखू येत नाही, कारण दोघं एकाच जागेवरचे. तापट आयोडीन तिच्या पोटात जाऊन बसतं, किरण फेकतं आणि तिची जास्तीची ताकद मारतं. कापाकाप नाही.

"आणि ते मग आत बसून राहणार जन्मभर?"

"नाही. आठ दिवसांत अर्धं संपतं. अजून आठ दिवसांत उरलेल्याचं अर्धं. असं."

आत्याने विचार केला. "दिवाळीच्या लाडवांसारखं. पहिल्या आठवड्यात अर्धा डबा जातो. मग अर्ध्यातला अर्धा. मग शेवटचे दोन कोण खातंय ते कळत नाय."

इतकं नेमकं उत्तर माझ्या परीक्षेत मी दिलं नव्हतं.

इस्पितळात मी तिच्याबरोबर गेले. एका खोलीत टेबलावर शिशाचं जाड भांडं, त्यात छोटा पेला, पेल्यात नळी. डॉक्टर लांब चिमट्याने झाकण काढून मागे सरकले. नर्स दाराशी. मलाही बाहेर उभं केलं.

"तुमी सगळे लांब उभे राहणार आणि मी प्यायची?" आत्याने विचारलं. डॉक्टर हसले, म्हणाले, तुमच्यासाठी हे औषध आहे, आमच्यासाठी रोजचं. आत्याने नळी तोंडात धरून एका दमात पेला रिकामा केला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "चवच नाय. मीठ तरी घालायचं."

सूचना बऱ्याच होत्या. काही दिवस वेगळं निजायचं, भांडी वेगळी ठेवायची, लहान मुलांना आणि गरोदर बायकांना जवळ घ्यायचं नाही. आमच्या घरी वहिनीचं चार महिन्यांचं बाळ होतं. बाबांनी आत्याची खाट वाडीतल्या खोलीत हलवली. आणखी एक सूचना इस्पितळाची नव्हती, घरची होती. कुणाला सांगायचं नाही. माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, आणि मुलीची आत्या अणू प्यायलीय ही बातमी कुठल्याही पत्रिकेत बसण्यासारखी नव्हती.

स्वयंपाकघर बंद, बाळ बंद, गप्पा बंद. आत्या दोन दिवसांत कंटाळून गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला ती माझा जेवणाचा डबा घेऊन प्रयोगशाळेत हजर झाली. वहिनीने भरलेला डबा, तिने फक्त आणलेला. "तुझे मासे कुठे जाळतेस ते तरी बघू दे." मी तिला मागच्या पडवीतल्या बाकावर बसवलं. बाहेरच्या माणसाला तिथे बसवायला परवानगी नव्हती, पण साहेब आत होते, बाक रिकामा होता आणि आत्याला परत पाठवणं माझ्याच्याने झालं नसतं. तास-दीड तास ती बसली, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत, मग एसटीने परत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही.

आता आमच्या यंत्राचं सांगायला हवं. पडवीच्या भिंतीच्या आतल्या बाजूला मोजणीची खोली. तिथे किरण पडले की लुकलुकणारा एक स्फटिक, त्याच्याभोवती शिशाच्या विटांचं घर, बाहेरचे किरण आत येऊ नयेत म्हणून. विटा मुंबईहून यायच्या होत्या. अर्ध्या आल्या होत्या. म्हणून पुढून, वरून आणि बाजूंनी घर पक्कं होतं आणि मागची, भिंतीकडची बाजू जवळजवळ उघडी होती. भिंतीपलीकडे काय, नुसती पडवी, असं साहेब म्हणाले होते.

सकाळी नऊला आम्ही रिकामं यंत्र मोजायचो, आसपासचे किरण किती ते कळायला. मग माशांची राख, मग भाजी, मग दुपारी दूध. दूध शेवटी, कारण ते उशिरा यायचं. पलीकडच्या वाडीतल्या एका काकांची म्हैस होती. ते गावात रतीब घालून अकराच्या सुमारास आमचं लिटरभर दूध स्वतः आणून द्यायचे. दूध मोजायचं कारणही आयोडीनच. जगात कुठे बाँब उडवला की त्याची धूळ वाऱ्याने येते, गवतावर पडते, गवत म्हैस खाते, दूध पोरं पितात आणि आयोडीन पोरांच्या गळ्यात जाऊन बसतं. म्हणून दुधावर बारीक लक्ष.

ज्या दिवशी आत्या पहिल्यांदा आली, त्या दिवशी दुधाचा आकडा वर गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी कालचं दूध सकाळी परत मोजलं, तर त्यात काही नाही. दुपारी ताजं दूध ठेवलं की आकडा चढलेला. आत्ताच्या मुलांना वाटेल, एवढं कसं कळलं नाही? पण साहेबांच्या डोळ्यांसमोर म्हैस होती. त्यांना सगळीकडे म्हैसच दिसत होती.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत साहेब यंत्राच्या खुंट्या फिरवत बसले. किरण किती जोराचे आहेत हे टप्प्याटप्प्याने मोजलं की कोण फेकतंय ते कळतं. प्रत्येक अणूची फेक ठरलेली. दीडच्या सुमारास ते बाहेर आले. चेहऱ्यावर मुलगा झाल्याचा आनंद.

"आयोडीन!" ते म्हणाले. "कुणीतरी कुठेतरी बाँब उडवलाय!"

"पण सकाळी कालच्या दुधात नव्हतं," कुणीतरी म्हणालं.

"आयोडीन उडून जातं. रात्रभर भांडं उघडं होतं. उद्यापासून झाकण लावा."

माझ्या हातात रिकामा डबा होता, आत्याने नुकताच परत मागितलेला. मला त्याच क्षणी सगळं कळलं. मला फक्त बोलायचं होतं. मी बोलले नाही.

कारणं मी स्वतःला बरीच दिली. परवानगी नसताना माणूस बसवला म्हणून नोकरी जाईल. एवढी एक मुलगी ठेवली आणि तिने हे केलं, असं म्हणतील. आत्याचं गुपित फुटेल. सगळी कारणं खरी होती, आणि सगळी मिळून भेकड होती. साहेबांनी मुंबईला ट्रंक कॉल लावला. तो लागायला संध्याकाळ झाली, तोवर बोलायला मला चार तास होते. मी त्या वेळात भेंडीची राख केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप काकांच्या वाडीत गेली. मुंबईहून मोठे साहेब यायला निघाले होते, तोवर म्हशीला हातातल्या यंत्राने तपासून ठेवायचं होतं. टोपी घातलेला एक माणूस म्हशीच्या गळ्याला त्या यंत्राची डबी लावून उभा राहिला. यंत्रात काही नव्हतं, टक... टक... एवढंच. पण गावाला टकटकशी काय देणं? सरकारी जीप, म्हैस आणि अणू हे तीन शब्द एका वाक्यात आले, बास. दुपारपर्यंत चिंचणीत म्हशीच्या पोटात अणू शिरला होता. रतिबाच्या घरांनी दारं लावून घेतली. काकांनी आणलेलं दूध प्रयोगशाळेच्या पायरीवर ठेवलं आणि ते माझ्याकडे बघत म्हणाले, "तू आमच्या गावची ना? काय जालं माझ्या म्हशीला, सांग तरी."

मी म्हटलं, "तपासतायत, काका."

त्या दुपारी आत्या आली तेव्हा मी तिला दारातच अडवलं, डाव्या हाताच्या आमराईत नेलं आणि सगळं सांगितलं. मला रडू येत होतं. आत्याने माझं सगळं ऐकून घेतलं. तिच्या आयुष्यात ही गोष्ट फार वेळा घडली नव्हती.

"कधी कळलं तुला?"

"काल दुपारी."

"आणि त्याची म्हैस आज तपासली?"

"हो."

ती पदर खोचून उठली. मी मागे पळाले. मोठे साहेब तोवर पोचले होते. मोजणीच्या खोलीत दोन्ही साहेब आणि आणखी तिघं, मध्ये दुधाचं भांडं, झाकण लावलेलं. आत्या सरळ आत शिरली.

"म्हशीचं दूध काढा तिथून," ती म्हणाली. "आणि यंत्र चालू करा."

"या कोण?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"मी हिची आत्या. तुमचं आयोडीन मी हाय. सोमवारी मुंबईला प्यायले. रोज या भिंतीमागे बसते."

मग मोठ्या साहेबांनी स्वतः भांडं उचलून बाजूला ठेवलं आणि रिकामं यंत्र चालू केलं. आकडे धावायला लागले. "आता बाहेर जा," ते म्हणाले. आत्या फाटकापर्यंत गेली. आकडे मंदावले. "या." धावले. "जा." मंदावले. असं तीनदा झालं. चौथ्यांदा आत्या म्हणाली, "मी पाणी भरायला लागले नाय तुमच्याकडे. समजलं ना?"

मोठे साहेब आमच्या साहेबांकडे वळून इतकंच म्हणाले, "झाकण लावल्यावर फरक पडला का?" आमच्या साहेबांचं टक्कल कानांइतकंच लाल झालं.

मी सांगून टाकलं, की मला हे काल दुपारीच कळलं होतं. आमचे साहेब रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मी तुला सांगितलं होतं ना, दोघांनाही थापा मारता येऊ नयेत म्हणून आपण मोजतो. त्यात आपण स्वतःही आलो." नोकरी गेली नाही. पण त्या दिवसापासून रिकामं यंत्र दर तासाला मोजायचं ठरलं आणि ते काम मला मिळालं. दर तासाला एकदा, मी नोकरीत होते तोवर.

साहेब लोकांच्या हिशोबी प्रकरण तिथे मिटलं होतं. आत्याच्या नाही.

"माझ्यामुळे त्याच्या म्हशीचं नाव गेलं," ती म्हणाली. "ती डबी घ्या आणि गावात चला."

मोठे साहेब म्हणाले, यंत्र बाहेर न्यायला नियम आहेत.

"आज सकाळी म्हशीकडे नेलं तेव्हा कुठे होते नियम?"

जीप निघाली. आत्या पुढे बसली, ड्रायव्हर शक्य तितका दाराला चिकटून. काकांच्या वाडीसमोर माणसं जमायला वेळ लागला नाही. आमच्या साहेबांनी डबी म्हशीच्या गळ्याला लावली. टक... टक. भांड्यातल्या दुधाला लावली. टक... टक. स्वतःच्या गळ्याला लावली, तीच टकटक. "एवढं सगळ्यांत असतं," साहेब त्यांच्या मुंबईच्या मराठीत म्हणाले, "केळ्यात, नारळात, तुमच्यात, माझ्यात. पोटॅशियमचाही एक तापट भाऊ आहे, तो सगळीकडे थोडा थोडा असतो." मग त्यांनी डबी आत्याकडे वळवली, अजून चार पावलं लांब असताना. डबी चुलीतल्या मिठासारखी तडतडायला लागली. अख्खी गर्दी तीन पावलं मागे सरली. बाबा सर्वांत मागे उभे होते, ते कपाळाला हात लावून खाली बसले. गुपित आता बोईसरपर्यंत पोचणार होतं.

आत्याने दुधाचं भांडं उचललं, तांब्यात ओतलं आणि सगळ्यांसमोर ती घटाघटा प्यायली. "म्हैस चांगली हाय," ओठ पुसत ती म्हणाली. "मी वाईट हाय, आणि तीसुद्धा महिना-दोन महिनेच."

काकांचे रतीब आठवड्याभरात परत लागले. पण प्रयोगशाळेला दूध द्यायचं त्यांनी बंद केलं. मी माफी मागायला गेले तेव्हा ते गोठ्यात होते. मी म्हटलं, काका, मी एक दिवस आधी बोलले असते तर हे झालं नसतं.

"मग का नाय बोललीस? तू शिकलेली ना?"

पुढे वर्षभर मी दुधासाठी डहाणूच्या वाटेवरच्या गावात जायचे. एका सकाळी काका पूर्वीसारखे पायरीवर दूध ठेवून गेले. माझ्या लग्नाचं बोलणं मोडलं. त्या घरच्यांनी आत्याचं निमित्त केलं. मला त्याचं जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही, हे मी आईला सांगितलं नाही.

आत्या मात्र मजेत होती. जी शेजारीण दर दोन दिवसांनी विरजण मागायला यायची ती महिनाभर फिरकली नाही. आणि साहेबांना आत्यात रस निर्माण झाला होता. दर गुरुवारी ते तिला बोलावून पडवीतल्या बाकापासून ठरावीक अंतरावर उभी करायचे, आकडा घ्यायचे आणि कागदावर ठिपका द्यायचे. आठ दिवसांत अर्ध्याहूनही थोडं खाली. थोडं जास्त का, तर काही आयोडीन शरीरच बाहेर टाकतं. मग त्याचंही अर्धं. ठिपक्यांची रेघ घसरगुंडीसारखी खाली यायला लागली.

"शून्य कधी?" आत्याने विचारलं.

"शून्य असं कधी होत नाही. अर्ध्याचं अर्धं होत जातं. शेवटी इतकं कमी, की मोजता येत नाही."

"आमच्या घरातला तांदूळ असा का नाय वागत?"

अडीच महिन्यांनी एका गुरुवारी साहेबांनी आधी मला मोजलं, मग तिला. दोन्ही आकडे सारखे. आत्या जरा हिरमुसली. "म्हणजे आता मी परत तुमच्यासारखीच?" तिचे हात तोवर स्थिर झाले होते, गालांवर मांस आलं होतं, आणि ती बोलताना मध्ये श्वास घ्यायला शिकली होती.

पुढच्या वर्षी केंद्र सुरू झालं. त्याच सुमारास आत्या हळू होत गेली. अंग सुटलं, मे महिन्यात शाल लागायची, एक खिचडी करायला अर्धा दिवस. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, ग्रंथी आता फारच शांत झाली आहे, रोज एक गोळी घ्यायची, जन्मभर. साहेब एकदा भेटायला घरी आले तेव्हा ती शाल पांघरून झोपाळ्यावर बसली होती.

"तुमचं आयोडीन जरा जास्त झालं," ती म्हणाली.

साहेबांनी सांगितलं, की तसं पुष्कळांना होतं. कुणाच्या ग्रंथीला किती पुरेल हे आधी नेमकं सांगता येत नाही. डॉक्टर मान चाचपून, तपासणी करून, शेवटी अंदाजच करतात.

"एवढ्या माशांची राख केलीत, एवढ्या म्हशी मोजल्यात," आत्या म्हणाली, "आणि औषध अंदाजाने?"

साहेबांनी कपातला चहा बशीत ओतला आणि ते फुंकर मारायला लागले.